नीळकंठरावांच्या गळ्यातला पेनड्राइव्ह

नेरच्या बसस्टँडसमोर गाळ्यांची एक रांग आहे. त्यातल्या तिसऱ्या गाळ्यात आरिफाचं कॉम्प्युटर सेंटर होतं आणि चौथ्यात तिचा नवरा शब्बीर गाड्यांच्या बॅटऱ्या आणि वायरिंगची कामं करायचा. मधे नुसता टिनाचा पत्रा. त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे जायचं आणि तिकडून न विचारता उत्तर यायचं. आरिफाचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याच हाताखाली ती शाळेत असताना तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकली, मग रोज बसने अमरावतीला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. गावात कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की लोक तिच्याकडेच यायचे.

ही २००८च्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाचे दिवस वाईट होते. पेपरात यवतमाळ जिल्ह्याचं नाव आलं की पुढे शेतकरी आत्महत्यांचा एक आकडा असायचा, आणि लोक तो न वाचताच पान उलटायचे. नीळकंठराव मात्र वाचायचे आणि चिडायचे.

"आपला जिल्हा म्हणजे काय फक्त आकडा आहे का?" ते म्हणायचे. "इथे माणसं बोलतात. कसं बोलतात, ते कोणी लिहून घेतलं का?"

त्यांनी घेतलं होतं. तहसील कचेरीत चौतीस वर्षं नोकरी करून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्या चौतीस वर्षांत टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून अनोळखी शब्द आला, की नीळकंठराव तो चिठ्ठीवर उतरवून घेत. मग अर्ज. शेताच्या बांधाला धुरा, छोट्या बैलगाडीला रेंगी, कापसाची पहिली वेचणी सुरू करताना शेतात दहीभात ठेवायचा ती सीतादही. अशा सहा हजारांहून जास्त चिठ्ठ्या त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत साठल्या होत्या. दोन वर्षांपासून ते रोज दुपारी आरिफाच्या सेंटरमध्ये बसून दोन बोटांनी त्या टाइप करत होते. वऱ्हाडी शब्दांचा कोश काढायचा होता.

एक शब्द टाइप झाला की नीळकंठराव चिठ्ठीवर लाल पेनाने 'नोंद घेतली' असं लिहीत, आणि ती फाडून टाकत.

आरिफाचा जीव तुटायचा. "काका, कायले फाडता? राहू द्या ना घरी पेटीत."

"निकाली निघालेलं प्रकरण ठेवायचं नसतं, बेटा. घोळ होतो."

"मंग माह्या कॉम्प्युटरवर एक कॉपी ठेवू द्या."

"अजिबात नाही! इथे दिवसभर पन्नास लोक येऊन बसतात. जितक्या जागी ठेवशील तितक्या जागांवरून चोरीला जाईल. हे बघ." आणि ते सदऱ्यातून काळा गोफ बाहेर काढत. त्याला पेनड्राइव्ह बांधलेला. "हा माझ्या गळ्यात आहे. कोणता व्हायरस इथपर्यंत पोचतो ते मी बघतो."

पत्र्यापलीकडून शब्बीरचा आवाज यायचा, "काका, आंघोळीच्या वक्ताले काढता ना पण?"

"कुंदाजवळ देतो," नीळकंठराव गंभीरपणे सांगायचे. कुंदाताई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या पेनड्राइव्ह कापराच्या डबीत ठेवायच्या, कीड लागू नये म्हणून.

व्हायरसबद्दल त्या रांगेत प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. चहावाला देवसिंग म्हणायचा, तो टेलिफोनच्या तारेतून येतो, पावसाळ्यात जास्त. विमलताईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्या रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर ओला फडका मारायच्या आणि त्यांच्या मते म्हणूनच त्यांना कधी त्रास झाला नव्हता. आणि दर महिन्याला अमरावतीहून अभिषेक यायचा. टाय लावलेला, मोटरसायकलवर बॅग अडकवलेला हा पोरगेला विक्रेता अँटीव्हायरसच्या सीड्या विकायचा. त्याचं मत सोपं होतं: मागच्या महिन्याची सीडी आता जुनी झाली.

"विंडोज तं साऱ्या गावानं एकाच सीडीवरून टाकेल हाय," आरिफा त्याला म्हणायची. "कुलूप चोरीचं, आन् तू त्याच्यावर रंग विकून राह्यला."

अभिषेक हसायचा. "ताई, लोकांना रंगच पाहिजे."

आरिफाजवळ दुसरा उपाय होता, पण तो कोणाला पटत नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तिच्या नावाने परदेशातून एक पाकीट आलं होतं. तिने इंटरनेटवर मागणी नोंदवली होती, म्हणून लिनक्सची सीडी घरपोच आली, पोस्टाचासुद्धा खर्च नाही. सगळी रांग ते पाकीट बघायला जमली होती. तिकिटं देवसिंगने मागून घेतली. सीडी कोणालाच नको होती.

"फुकट काहून देऊन राह्यले ते?" शब्बीरने विचारलं होतं.

"अनेकांनी मिळून बनवली. ज्याले पाह्यजे त्यानं उघडून पाहावं, सुधारावं."

"म्हणजे सरकारी कागद कोणीही उघडून दुरुस्त करावा तसं?" नीळकंठरावांनी मान हलवली होती. "मला नाही पटत. जे सगळ्यांना उघडं आहे ते सुरक्षित कसं असेल?"

सीडी पाकिटासकट कपाटात गेली.

डिसेंबरात शेवटची चिठ्ठी फाडली गेली. नीळकंठरावांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळला एका छापखान्यात जाऊन आले. छापणाऱ्याने पेनड्राइव्ह लावून पानं किती होतील ते बघितलं, सोमवारी घेऊन या म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते प्रस्तावनेत दोन ओळी घालायला सेंटरमध्ये आले, गोफ काढला, पेनड्राइव्ह लावला.

'कोश' नावाचं पिवळं फोल्डर दिसत होतं. त्यांनी टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पडदा लुकलुकला आणि आरिफाच्या अँटीव्हायरसची लाल पाटी आली: धोका सापडला, काढून टाकला. पेनड्राइव्ह उघडला तर आत पांढरंशुभ्र. एकही फाइल नाही.

नीळकंठराव खुर्चीचा दांडा धरून नुसते बसले. आरिफाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सेंटरमधल्या दोन गिऱ्हाइकांना हात जोडून उठवलं.

नेमका त्याच दिवशी अभिषेक आला होता. त्याने वाकून बघितलं. "करप्ट झाला, ताई. फॉरमॅट मारा. आणि ही नवीन सीडी घ्या, पुढे असं होणार नाही."

"फॉरमॅटचं नाव काढशील तं बाहेर उभा करीन," आरिफा म्हणाली. "हे पाह्य. आत काही दिसत नाही, पण जागा भरलेली दाखवून राह्यलं. रिकाम्या पोत्याचं वजन कसं येईन?"

नीळकंठरावांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे काका, तुमचं फोल्डर गेलं नाही. त्या छापखान्याच्या कॉम्प्युटरवरून व्हायरस आला. त्यानं तुमचं खरं फोल्डर लपवलं आन् त्याच नावाचा सोंगाड्या समोर उभा केला. सोंगाड्या मेला. खरं अजून आतच दडून हाय."

"मग त्याला बाहेर काढ!"

तिने प्रयत्न केला. लपवलेल्या फाइली दाखवायची सोय विंडोजमध्ये असते, पण तो पर्यायच जागेवर नव्हता. व्हायरस आता तिच्या कॉम्प्युटरमध्येही शिरला होता आणि शिरल्याबरोबर ते दार त्याने बंद केलं होतं. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला असता तर तोही गेला असता. आरिफाने कपाट उघडून लिनक्सच्या सीडीचं ते पाकीट काढलं.

"काका, आता जे उघडं हाय तेच कामी येईन. ह्या सीडीवरून कॉम्प्युटर चालू केला तं विंडोज जागीच होत नाही. आन् विंडोजच निजली तं व्हायरसनं करावं काय?"

नीळकंठरावांनी एकदा सीडीकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "तुझ्यावर आहे बेटा सगळं. लाव."

सीडी घरघरली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, तपकिरी रंग आला, एक पट्टी हळूहळू भरू लागली. पट्टी निम्मी झाली आणि दिवे गेले. लोडशेडिंग. यूपीएस दोनदा टुकटुकला आणि कॉम्प्युटर मेला.

"चार वाजेपर्यंत आता येत नाही," अभिषेक म्हणाला.

पत्र्यापलीकडे खडखडाट झाला. शब्बीर आला तो कडेवर लेकरू घ्यावं तशी ट्रकची बॅटरी घेऊन. "ढाणकीच्या ट्रकवाल्याची हाय. संध्याकाळी न्याले येणार हाय तो. फुल्ल चार्ज हाय, तवरिक वापरा." त्याने यूपीएसचं झाकण उघडलं, आतली जुनी बॅटरी काढली, लाल-काळ्या जाड वायरी आवळल्या. अभिषेकने टाय खांद्यावर टाकून टॉर्च धरला. देवसिंग चहाची किटली तशीच हातात घेऊन दारात उभा, त्याच्यामागे विमलताई.

पट्टी पुन्हा सुरुवातीपासून भरू लागली. या वेळी पूर्ण भरली. आरिफाने पेनड्राइव्ह लावला. एक चित्र उमटलं, तिने ते उघडलं, आणि आत 'कोश' होतं. त्याच्या पोटात 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत फोल्डरं ओळीने बसलेली.

"हाय!" विमलताई ओरडल्या.

नीळकंठरावांनी बोटाने 'क' दाखवलं. आरिफाने फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, उलटेसुलटे स्वल्पविराम यांची खिचडी.

"हे काय झालं? अगं, हे तर इंग्रजी झालं सगळं!"

आरिफा इतक्या वेळाने पहिल्यांदा हसली. "काका, आपण ज्या फाँटात टाइप केलं तो फाँट ह्या सीडीत नाही, म्हणून तसं दिसते. शब्द जसेच्या तसे हायेत. फाँटच बदलून दाखवते, थांबा."

कॉम्प्युटरच्या दुसऱ्या सीडी-ड्राइव्हमध्ये तिने आपली कामाची सीडी घातली, त्यातला तो फाँट बसवला, फाइल बंद करून परत उघडली. आणि खिचडीतून एकेक अक्षर मराठी झालं. *काहून: का, कशासाठी. 'काहून बोलून नाही राह्यला?'*

नीळकंठराव ते मोठ्याने वाचायला लागले. एक शब्द, दुसरा, तिसरा. मग त्यांचा आवाज फुटला, आणि रडताहेत की हसताहेत ते कोणाला कळेना, त्यांनाही कळत नसावं. देवसिंगने किटलीतला सगळा चहा वाटून टाकला.

"आता?" डोळे पुसून त्यांनी विचारलं. "आता काय करायचं, सांग."

"आता तुम्हीच सांगा. एकाच जागी ठेवायचं का?"

चौतीस वर्षं प्रत्येक कागदाला एकच जागा देणारा तो माणूस उभा राहिला. "नाही. कोऱ्या सीड्या किती आहेत तुझ्याजवळ?"

अकरा होत्या. बॅटरी संपेपर्यंत आणि मग दिवे आल्यावर, आरिफाने अकराही भरल्या. एक तिच्याजवळ, एक शब्बीरजवळ, एक देवसिंगला, एक विमलताईंना. एक अभिषेकने स्वतः मागून घेतली आणि त्याबरोबर त्या फुकटच्या सीडीचीही कॉपी मागितली. "विकणार नाही ताई, शपथ. शिकतो." पुढच्या महिन्यापासून तो खरंच आधी आरिफाजवळ बसायला लागला आणि मग गिऱ्हाइकांकडे जायला लागला. उरलेल्या नीळकंठरावांनी गावात ओळखीच्या घरी वाटल्या; छापखान्यात सोमवारी पेनड्राइव्ह नाही, सीडीच गेली. एकदा भरलेल्या सीडीवर आपलं काही लिहिणं व्हायरसला जमत नव्हतं.

सेंटरच्या भिंतीवर नीळकंठरावांनी स्वतः मजकूर करून एक पाटी लावली: 'कोणताही पेनड्राइव्ह संचालिकेस दाखविल्याशिवाय यंत्रास जोडू नये. हुकुमावरून.' शब्बीरने विचारलं, हुकूम कोणाचा? तर ते म्हणाले, तो आपोआप असतो.

दोन आठवड्यांनी छापखान्यातून तपासायला कच्ची पानं आली. संध्याकाळी अंगणात ऊन होतं तोवर ते कुंदाताईंसमोर ती घेऊन बसले आणि आवडीचे शब्द वाचून दाखवू लागले. कुंदाताई गव्हातले खडे निवडत ऐकत होत्या. "सराटा," नीळकंठरावांनी वाचलं, "जमिनीवर पसरणारी काटेरी वनस्पती. गोखरू."

"आणि?" कुंदाताई म्हणाल्या.

"आणि काय? एवढंच."

"मी रोज तव्यावरची पोळी कशाने उलटवते?"

नीळकंठरावांनी आत वळून बघितलं. स्वयंपाकघरात खिळ्याला सराटा लटकत होता. चौतीस वर्षं जिल्हाभराचे शब्द त्यांनी टेबलावर गोळा केले होते, पण स्वतःच्या स्वयंपाकघराचा अर्ज काही त्या टेबलापर्यंत आला नव्हता.

"अजून असे किती आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसा, सांगते," कुंदाताई म्हणाल्या, आणि सूप बाजूला सारून मोजायला बोटं उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नीळकंठराव सायकल काढून निघाले. आधी देवसिंगची टपरी, मग विमलताईंचं दुकान. गावात वाटलेल्या सगळ्या सीड्या गोळा करून आरिफाकडे न्यायच्या होत्या. प्रत्येकीच्या जागी स्वयंपाकघराचे त्रेचाळीस शब्द घातलेली नवी सीडी द्यायची होती. टपरीवर त्यांनी सीडी मागितली तेव्हा देवसिंग हसून म्हणाला, "काका, एका जागी होतं तंच बरं होतं ना?"

"नाही रे," सायकलला टांग मारत नीळकंठराव म्हणाले, "इतक्या घरी जाणं होते. मस्त वाटून राह्यलं."