तिसऱ्या रविवारची हरकत

फादरांना दीक्षा मिळाली त्या सकाळी त्यांची आई पांढऱ्या झग्याला इस्त्री करता करता गुणगुणत होती. इतक्या वर्षांनीही तो आवाज त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या कानात होता:

माझा लेक गं देवाचा, त्याला नको घरदार
माझी लेक त्याच्या मागं, लावी चुलीला अंगार.

ओवी गोड होती, म्हणून तिच्यात काय ठरून गेलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. फादरांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि ताई ट्रंक उचलून त्यांच्या घरी राहायला आली. तेव्हापासून फादर जगाला विरक्त दिसत. घरी मात्र आंघोळीला गरम पाणी, झग्याला कडक इस्त्री आणि मोजे कुठे आहेत ते ओरडून सांगणारं माणूस. संसारात याहून वेगळं काय असतं?

पलीकडच्या गल्लीतल्या चर्चचे पाळकसाहेब विधुर होते. त्यांच्या पंथात पाळकाला लग्नाची मुभा. दर गुरुवारी ते फादरांकडे बुद्धिबळ खेळायला येत आणि ब्रह्मचर्यावरून वाद उकरून काढत.

"फादर, येशूचा पट्टशिष्य पेत्र, त्यालाही सासू होती. शास्त्रातच लिहिलंय."

"म्हणूनच तर तो मासेमारीची जाळी सोडून येशूमागे पळाला!"

स्वयंपाकघरातून खुदकन हसू येई आणि पाळकसाहेबांचा वजीर जाई. त्यांची खुर्ची नेमकी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून असे. फादरांना वाटे, आपला मुद्दा बिनतोड, म्हणून गडी गांगरतो.

एका गुरुवारी चहाचे कप ठेवता ठेवता ताई म्हणाली, "आम्ही दोघं लग्न करतोय. बिशपांनी परवानगी दिलीय. आता चर्चमध्ये नावं तेवढी तू वाच."

फादरांचा उंट हातातच राहिला. पाळकसाहेब पटाकडे असे बघत बसले, जणू त्यांनी पट पहिल्यांदाच पाहिला.

लग्नाआधी तीन रविवार वेदीवरून वधूवरांची नावं वाचायची आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं, असा तिथला नेम. पहिल्या रविवारी फादरांनी नावं अशा सुरात वाचली, की मागच्या बाकावरच्या म्हातारीने मृतांसाठी क्रूसाची खूण केली. दुसऱ्या रविवारी चष्माच सापडेना. ताईने पुढच्या बाकावरून उठून त्यांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. तिसऱ्या रविवारी सकाळीच त्यांचा घसा बसला.

"आत्ता फोनवर तर खणखणीत होता," ताई म्हणाली.

फादरांनी केविलवाण्या चेहऱ्याने गळ्याकडे बोट दाखवलं.

"राहू दे. नावं मी वाचते. प्रवचनही मीच करते. माझ्याकडे विषय आहे."

घसा तिथल्या तिथे सुटला.

चर्च खचाखच भरलं होतं. एरवी फक्त मयताला येणारेही आले होते. फादरांनी नावं वाचली. "कुणाची हरकत असेल, तर आत्ताच सांगा."

ऑर्गनवाल्याने वाजवायला हात उचलले.

"माझी आहे," फादर म्हणाले.

ऑर्गन भलताच केकाटला. ताई उभी राहिली. "कारण?"

"वय."

"तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे. पुढे?"

"पंथ."

"बिशपांना चालतो. पुढे?"

फादर झग्याची बाही चुरगाळत राहिले. तिनेच इस्त्री केलेली बाही. "मी संध्याकाळी घरी येईन, तेव्हा... दिवा लागलेला नसेल गं, ताई."

बाकाबाकांवर पदर नि रुमाल निघाले. ताईचेही डोळे भरले, पण ती बसली नाही.

"तुझ्या दीक्षेच्या दिवशी बिशपांनी विचारलं होतं, हा योग्य आहे ना? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण ओठांवर आलेलं गिळलं होतं रे मी," ती म्हणाली. "तेव्हाची माझी हरकत ही: व्रत हा घेतोय, तर ते पाळायला मला कशाला बसवताय?"