शोभनाची सही

मी निवडणुका आतून पाहिलेला माणूस आहे. कऱ्हाडजवळच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या काळात चौदा वेळा निवडणुकीची ड्युटी केली, त्यातल्या नऊ वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. यंत्राला मोहोर लावताना लाखेने भाजलेलं बोट अजून दाखवू शकतो. त्यामुळे इथे सातासमुद्रापार, मुलाच्या गावी पार्सिपनीत, राज्याच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत, निरीक्षक म्हणून माझी जागा मतदान केंद्राच्या दारापासून शंभर फूट लांब, पार्किंग लॉटच्या कडेला असल्याचं कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“आत का नाही?” मी नीनाला विचारलं. नीना आमच्या निरीक्षकांची प्रमुख. आईवडील नागपूरचे, पण हिचा जन्म इथलाच, व्यवसायाने वकील. ज्या संस्थेसाठी आम्ही उभे राहणार होतो ती कुठल्याच पक्षाची नव्हती. साध्या नागरिकांनी मतदान नीट होतंय का ते पाहायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच तिचं काम.

“तो लॉ आहे, काका. आपण बाहेरूनच ऑब्झर्व्ह करायचं. दार किती वाजता उघडलं, रांग किती, कोण व्होट न करता परत गेलं, ते फॉर्मवर लिहायचं. अँड प्लीज, नो फिक्सिंग.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला सगळ्यांची कामं आपणच करून टाकायची सवय आहे. केदारने वॉर्न केलंय मला.”

केदार माझा मुलगा. बापाची कीर्ती त्याने आधीच पोचवली होती.

नोव्हेंबरातली ती सकाळ कडाक्याची होती. मी घडीची खुर्ची, थर्मास आणि कानटोपी घेऊन बसलो. शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. दार वेळेवर उघडलं, लिहिलं. मग लोक येऊ लागले आणि मी लिहायचं विसरलो. बंदूकधारी पोलीस नाही, बांबूंची रांग नाही, बोटाला शाई नाही. कुणाच्या हातात ओळखपत्रही नाही. आत जाऊन नाव सांगायचं, सही करायची. ती सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहतात आणि मत देऊ देतात. नीनाने हे सांगितलं होतं तेव्हा मी हसलो होतो. आता एक म्हातारा ऑक्सिजनचं नळकांडं चाकांवर ओढत गाडीपासून दारापर्यंत गेला, वाटेत तीनदा थांबला, कुणाचा हात घेतला नाही, आणि त्याच्यावर कुणीही शंका घेतली नाही. अख्खं राज्य माणसाच्या शब्दावर आणि सहीवर चाललेलं मी पाहत होतो. मी भारावून गेलो. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलं असतं तर माझ्या बायकोने माझा ताप पाहिला असता.

शोभना, माझी बायको, दहाच्या सुमारास आली. निळी इरकल, वर सुनेचा जाडा कोट, पायात स्पोर्ट शूज. गेल्या वसंतात आम्ही दोघंही नागरिक झालो होतो आणि हे तिचं इथलं पहिलं मत. मी माझं मत लवकरच्या मतदानात देऊन टाकलं होतं, पण तिला निवडणुकीच्या दिवशीच द्यायचं होतं. कुणाला देणार, हे महिनाभर खोदून विचारूनही तिने सांगितलं नव्हतं. “मतदान गुप्त असतं, सर,” एवढंच म्हणायची. मजा म्हणजे लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी मी तिला मत द्यायला जाताना कधी पाहिलंच नव्हतं. मतदानाच्या दिवशी मी नेहमी दुसऱ्याच गावात ड्युटीवर असायचो.

ती माझ्यासमोरून गेली. आत जाणाऱ्या मतदाराशी निरीक्षकाने बोलायचं नाही, हा नियम तिलाही ठाऊक होता, म्हणून बोलली नाही. नुसती भुवई उडवली. मी घड्याळ पाहिलं. लोक सहा-सात मिनिटांत बाहेर पडत होते. शोभनाला दहा झाली, पंधरा झाली, पंचवीस झाली. मी उठून जमिनीवरच्या शंभर फुटांच्या खुणेला बूट लावून उभा राहिलो. आयुष्यात कुठल्या दारात मला इतकं घुसावंसं वाटलं नव्हतं. मी घुसलो नाही.

ती आली ती हातात एक चिठ्ठी घेऊन.

“सही जुळत नाही म्हणाले,” ती म्हणाली. “फार सभ्यपणे म्हणाले. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मत कागदावर घेतलं आणि पाकिटात बंद केलं. प्रोव्हिजनल म्हणतात त्याला. नंतर तपासणार.”

“जुळत नाही म्हणजे काय? तुझी सही काय रोज बदलते?”

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “त्यांच्या स्क्रीनवर जी सही आहे ती माझी नाही. तिरकी आहे आणि खाली रेघ आहे.”

तिरकी सही आणि खाली रेघ. अशी सही मी करतो. वसंतात मतदार नोंदणीचे दोन फॉर्म आले होते. ती आत भाजी निवडत होती. मी डायनिंग टेबलावर बसून दोन्ही फॉर्म भरले आणि दोन्हींवर सह्या ठोकल्या. हाक मारायचंसुद्धा सुचलं नाही. गॅसचं कार्ड, बँकेचा फॉर्म, केदारचं प्रगतिपुस्तक, जन्मभर शोभनाच्या नावाने मीच सह्या केल्या होत्या. आमच्याकडे त्याला काम उरकणं म्हणत.

आणि बंद पाकीट म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडे कुणाच्या नावावर आधीच दुसरा मत देऊन गेला असेल तर खऱ्या माणसाचं मत कागदावर घेऊन लिफाफ्यात घालतात. टेंडर वोट. असे लिफाफे मी स्वतः सील केलेत. त्यातला एकही उघडलेला मला ठाऊक नाही. माणसाची समजूत घालायची आणि लिफाफा कपाटात टाकायचा. शोभनाचं पहिलं मत मी मारलं होतं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं तेव्हा केदार कपाळाला हात लावून बसला. “बाबा, यार, दुसऱ्याच्या नावाने साइन करणं इथे क्राइम आहे. तुम्ही आता कुणाला काही बोलू नका. मेबी इट विल बी फाइन.”

चार दिवसांनी काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, पत्र आलं. पाकिटातलं मत आपणच दिलंय असं लिहून द्या, सही करा, ओळखीचा पुरावा जोडा. फॉर्म टेबलावर आला आणि माझा हात आपोआप पेनाकडे गेला. शोभनाने फॉर्म स्वतःकडे ओढला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. बारीक, गोल सही केली. पासपोर्टची प्रत जोडली.

“आणि त्यांनी विचारलं, की आधीची सही कुणाची?” मी म्हणालो.

“मी खोटं बोलणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुमचं नावही सांगणार नाही. मग मत गेलं तर गेलं.”

तोवर निकाल लागून गेला होता. नव्या गव्हर्नर काही लाखांच्या फरकाने निवडून आल्या होत्या, त्यांचं भाषण झालं होतं, टीव्हीवाले पुढच्या विषयाकडे वळले होते. त्यानंतर काउंटीच्या कचेरीत प्रोव्हिजनल पाकिटांची तपासणी होती. ती कुणालाही पाहता येते. इतरांना नोकऱ्या, म्हणून नीनाने मला पाठवलं. मी गळ्यात निरीक्षकाचा बिल्ला घालून दुसऱ्या रांगेत बसलो. शेजारी शोभना.

पुढे लांब टेबल, त्याच्यामागे चार सदस्य, दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या पक्षाचे. मला वाटलं, अर्ध्या तासात गुंडाळतील. जिंकणारा जिंकला, हरणारा हरला. या पाकिटांनी काय फरक पडणार होता? पण ते चौघं एकेक पाकीट उचलत होते. कुणी जुना पत्ता लिहिला होता, त्याच्यावर दहा मिनिटं गेली. एकीने तारीख चुकवली होती. तिची जुनी नोंद मागवली, भिंग लावून पाहिली. एकमेकांशी वाद घालत होते, पण पाकीट खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवत होते. मी नऊ केंद्रांचा अध्यक्ष होतो आणि मला माझ्याच शाळेत पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटलं. एका मताची इतकी बूज राखलेली मी कुठे पाहिली नव्हती. माझ्या टेबलावर तर नाहीच.

मग शोभनाचं नाव आलं.

“पासपोर्टची सही आणि पाकिटावरची सही एक आहे,” साखळीचा चष्मा लावलेल्या बाई म्हणाल्या. त्या अध्यक्ष होत्या.

“पण नोंदणीवरची वेगळी आहे,” पलीकडचा दाढीवाला सदस्य म्हणाला. “मग नोंदणी कुणी केली? हे कळल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही.”

त्याचं चूक नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. शोभना मांडीवरच्या हातांकडे पाहत बसली होती. केदारचं ‘कुणाला काही बोलू नका’ मला ऐकू येत होतं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. मी बिल्ला गळ्यातून काढला, खुर्चीवर ठेवला आणि उभा राहिलो.

“ती सही माझी आहे,” मी माझ्या मास्तरी इंग्रजीत म्हणालो. “मी तिचा नवरा. तिला न विचारता केली. तिला माहीत नव्हतं.”

बाईंनी चष्मा काढला.

“तुम्ही केलंत ते गंभीर आहे,” त्या म्हणाल्या. “लेखी निवेदन द्या, आमचे वकील काय ते ठरवतील. पण आत्ता या टेबलावर तुमचा विषय नाही. इथे या बाईंचं मत आहे.” मग त्या शोभनाकडे वळल्या. “पाकिटावरची सही तुमची?”

शोभना उभी राहिली. “माझी.”

“नोंदणी व्हावी अशी तुमची इच्छा होती?”

“होती. मला विचारलं असतं तर मीच सही केली असती.”

दाढीवाला किंचित हसला. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात त्याचा होता. मग तिघांचे. कारकुनाने शोभनाला नोंदणीचा नवा फॉर्म दिला आणि तिने तिथेच उभ्याउभ्या तो भरला.

मंजूर पाकिटं उघडायचं टेबल खोलीच्या टोकाला होतं. नाव असलेलं बाहेरचं पाकीट वेगळं केलं, आतला कागद घडीसकट, न वाचता, इतरांच्या ढिगात ठेवला. दोन पक्षांची दोन माणसं त्या हातांकडे टक लावून पाहत होती. त्रेचाळीस वर्षांत शोभनाच्या नावाचा असा एकही कागद नव्हता जो मी भरला नाही, वाचला नाही किंवा निदान घडी घालून फायलीत लावला नाही. मी मान उंचावून तो ढीग पाहिला, सगळे कागद सारखेच, आणि त्यातला तिचा कुठला हे मला ओळखता आलं नाही.