खोक्यांचं अस्तर

"खळीचा वास येतो हो याला. अस्सल खोक्याला प्लास्टिकचा वास पाहिजे, पोळ्यांचा नाही."

जगदेवराव माझ्या कानापासून हातभर अंतरावर पुटपुटले. मला ऐकू जावं, पण मला उद्देशून नाही, अशा बेताने.

"खळ मैद्याची आहे, पोळ्या कणकेच्या असतात," मी म्हटलं. "आणि झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घातलंय. चाटू नका म्हणजे झालं."

"बुरा मत मानना, लीलाताई. मी आपलं तत्त्वाचं बोललो."

त्यांचं हजीऱ्याच्या बाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे तत्त्वांना वेळ भरपूर. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी जमवणारे तेव्हा ग्वाल्हेरात अडीच जण होते: जगदेवराव, माझा धाकटा भाऊ मधुसूदन, आणि अर्धी मी. मी खेळत नाही. खोकी करते. लोक कॅसेटी माळ्यावर टाकतात, आणि खोकी तर आणल्या दिवशीच फेकून देतात. त्यामुळे मधूकडे यायच्या त्या सगळ्या उघड्या. सहा वर्षांपूर्वी मी एका जुन्या शब्दकोशाची बांधणी उसवून पाहिली. शब्दकोश परत शिवता आला नाही, पण पुठ्ठा कसा वळवायचा ते कळलं. त्यानंतर चौऱ्याहत्तर खोकी झाली.

आवडीनिवडीवरून दोघांची दर रविवारी जुंपायची. जगदेवरावांना लेबल मूळचंच हवं. पोरांनी चित्र खरवडलं असेल तरी चालेल, डिंक बाहेर आला असेल तरी चालेल, पण कॅसेटीच्या वरच्या अरुंद कडेवरची नावाची पट्टी शाबूत पाहिजे. नवं खोकं म्हणजे त्यांच्या मते म्हाताऱ्याला मुंडावळ्या. मधूचं उलट. त्याला फळीवर सगळ्या खोक्यांच्या पाठी एका उंचीच्या लागत, नाव वरून खाली वाचता येणारं, आणि खोकं बंद करताना हलकासा 'ठक्' आवाज.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत. लेबलावर 'चौसष्ट खेळ', सोबत विमान, वाघ आणि तलवारवाली बाई. आत खेळ चारच, तेच सोळा वेळा फिरवलेले. असलं लेबल सापडलं की दोघांना आनंदाचं भरतं येई.

"जितकं खोटं तितकं मोलाचं, हे तुमचं शास्त्र मला समजत नाही," मी म्हणायची.

"खोटं नाही गं ताई," मधू म्हणायचा, "उत्साही."

पण त्या जानेवारीतल्या रविवारी भांडण काही रंगेना. नोव्हेंबरात छत्तीसगढ वेगळं झालं होतं आणि सरकारी माणसांची वाटणी चालली होती, कोण इकडे, कोण तिकडे. संक्रांतीच्या आधी यादी लागली. मधूही सरकारी नोकरीत; त्याचं नाव रायपूरला. सगळी दाना ओली, म्हणजे आमची गल्ली, येऊन हळहळून गेली. "सरकारचं काय, उचललं की फेकलं." मीही तेच म्हणत होते. थंडी आली म्हणावं तसं आम्ही 'यादी आली' म्हणायचो, कुणाचाच दोष नसल्यासारखं. मी त्याच्याबरोबर जायचं की नाही, हा विषय निघाला नाही. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. मधू फक्त इतकं म्हणाला होता, "तिकडे एक खोली बघून ठेवलीय." एक.

बुधवारी त्याची गाडी होती. ट्रंक आणि सगळी खोकी गच्चीवर उन्हात काढली होती. तो एकेक खोकं उघडायचा, कॅसेट काढून जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचा आणि रिकामं खोकं माझ्याकडे सरकवायचा.

"खोकी जागा फार खातात गं. इथंच राहू देत. तुझीच तर आहेत."

"हो, राहू देत की," मी म्हटलं. चौऱ्याहत्तर रिकाम्या खोक्यांचं मी काय करणार होते, ते मला विचारू नका. मी ती पुन्हा उंचीप्रमाणे लावत बसले होते.

आता अस्तराचं सांगायला हवं. खोक्याच्या आत मी मधूच्या ऑफिसातली रद्दी लावते. छापील फॉर्मचा कागद दमदार असतो. कोरी बाजू वर ठेवायची. दिवाळीआधी त्याने आणलेल्या गठ्ठ्यात एक विकल्प-पत्र निघालं. कुठलं राज्य हवं ते ज्यात लिहून द्यायचं, ते. शाईचा डाग पडला म्हणून बाद केलेलं. अक्षर मधूचं. पहिली पसंती: छत्तीसगढ़. दुसरीची जागा कोरी.

विचारायचं धाडस नव्हतं. खळ मात्र तयार होती. त्याच्या लाडक्या चौसष्टवाल्या कॅसेटीच्या खोक्याला मी तो कागद आतून लावला, लिहिलेली बाजू वर ठेवून. कधीतरी उघडेल, म्हटलं. त्याने उघडलं नाही; ते खोकं तो बाहेरूनच बघायचा. उघडलं जगदेवरावांनी, नाक खुपसून वास घ्यायला. बराच वेळ नाक बाहेर येईना. तेव्हापासून ते माझ्यासाठी तिळाची गजक आणू लागले.

मधूचा हात ओळीतल्या शेवटच्या, चौसष्टवाल्या खोक्याकडे आला.

"ते राहू दे रे," जगदेवराव एकदम म्हणाले. "ते मी काढतो. बिजागरी नाजूक आहे त्याची."

"पुठ्ठ्याला कसली बिजागरी?" मधू हसला आणि त्याने खोकं उघडलं.

खाली गल्लीत टेम्पोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मधूने कॅसेट काढली. मग ती हातात तशीच राहिली. त्याने अस्तरावरून अंगठा फिरवला, आपल्याच अक्षरावरून, डागावरून.

"चिकटवलंय मात्र झकास," जगदेवराव आकाशाकडे बघत म्हणाले. "एक बुडबुडा नाही."

कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलू लागले. "सरकारचं काही सांगता येत नाही बघ. माणसाच्या हातात काय असतं? एकदा यादी लागली की..." विमान, वाघ, तलवारवाली बाई, एकेक सबब मी त्याच्यापुढे ठेवत होते. त्याने नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"ताई," तो म्हणाला.

मी हातातलं रिकामं खोकं बंद केलं. ठक् झालं.

"मला कुणी पाठवत नाहीये, ताई. मी मागून घेतलं. मला एकट्याने राहायचंय."