यादीबाहेरची वेस

बारवेच्या भिंतीला ओला कागद चिकटवून त्याला ब्रशानं बडवणारा माणूस सारजाबाईनं पहिल्यांदा पाहिला, तेव्हाच तिच्या मनात आलं की हा काही चांगल्या कामाला आलेला नाही. चांगल्या कामाला आलेला माणूस आधी चावडीवर बसतो, पाणी पितो, कुणाच्या घरचा पाहुणा ते सांगतो. हा सरळ बारवेत उतरला होता. अंगात शेरवानी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, दाढीत चार केस पांढरे. भाकरी थापावी तसा तो कागद थापत होता. मग चिंध्यांचा एक गोळा शाईत बुडवून त्यानं कागदावर हलक्या हातानं टिपला, आणि कागदावर एकेक करून अक्षरं वर आली. भिंतीतल्या दगडावरची ती अक्षरं सारजाबाई जन्मापासून पाहत होती. ती अशी कागदावर येऊन बसलेली पाहून तिच्या अंगावर काटा आला.

"सारजे, बघितलं का?" छबुबाई माळीण घागर कमरेवर घेऊन शेजारी उभी राहिली. "अक्षरं ओढून घ्यायलंय ते. काल चांद बुरजाच्या तोफेवरची घेतली. तोफ आता नुसतं लोखंड राहिलं म्हण."

"ओढून कशी येतेल बे अक्षरं? दगडातली हायेत ती."

"मग कागदावर काय आलं?"

तो माणूस कागद वाळत घालायला वर गेला तशी ती बारवेत उतरली आणि तिनं दगडावरून हात फिरवला. दगड गार, ओला. अक्षरं जागच्या जागी होती. त्यानं तिचा संशय फिटला नाही, उलट वाढला. अक्षरं जर इथंच आहेत, तर हा बाबा काय घेऊन चालला?

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे तीस-एकतीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे वीस-एकवीसच्या सुमाराची. निमकोट तेव्हा उमापुराहून दोन कोसांवरचा कसबा होता. चहूबाजूंनी दगडी तट, तटाला सात बुरूज, पश्चिमेला मोठी वेस आणि पूर्वेला तळ्याकडं उघडणारी तळवेस. चांद बुरजावर तोफ होती. तिचं तोंड मातीत रुतलेलं, आणि बाया तिला हळद-कुंकू लावून नवस बोलत. बारवेच्या पायऱ्या कुणी मोजल्या तर दुसऱ्यानं मोजलेल्याशी कधी जुळत नसत. सय्यद बाबाच्या दर्ग्यात उरसाला सगळा गाव जेवायचा, आणि मारोतीच्या देवळात दर्ग्याचा मुजावर तेल पाठवायचा. तटात पिंपळ उगवले होते, फटींतून घोरपडी निघायच्या, पण गाव त्या तटाच्या आत असा बसला होता, जशी कोंबडी पाटीखाली बसते.

सारजाबाईचं घर म्हणजे तळवेशीची डावी देवडी. वेशीच्या आत दोन्ही बाजूंना पूर्वी पहारेकऱ्यांसाठी दगडी खोल्या असत, त्यांतली ही एक. तिच्या आजेसासऱ्याला वेशीचा अडसर लावायचं काम होतं. दरवाजे कुजून पडले, अडसर कुणीतरी तुळईला वापरला, पण घर तिथंच राहिलं. नवरा वारल्यावर ती आणि तिच्या बावीस शेळ्या त्या देवडीत राहत होत्या. उन्हाळ्यात तिथं गार लागे, पावसात एक थेंब आत येत नसे. अडचण एकच होती. त्या जागेचा कागद नव्हता. कुणी उठ म्हटलं असतं तर "कावून?" एवढंच ती विचारू शकली असती.

त्याच दिवशी दुपारी सुंदरराव पाटील घोड्यावरून तळवेशीत आले. आलेही आणि थांबलेही. पाटील कधी थांबत नसत.

"सारजाबाई, शेळ्या बऱ्या हायेत ना?"

"हायेत, मालक." ती उठून उभी राहिली. पाटील शेळ्यांची विचारपूस करतात म्हणजे काहीतरी आहे, हे तिला कळलं.

"तो मुन्शी बघितलास? हैदराबादेहून आलाय. जुन्या इमारतींची यादी करायलाय. जे यादीत जाईल ते सरकारजमा." पाटलांनी वर, देवडीच्या दाराजवळच्या लांबट दगडाकडं पाहिलं. त्यावर चार ओळी कोरलेल्या होत्या, पक्ष्यांची रांग बसावी तशा. "लिवलेला दगड बघितला की त्याला सोडवत न्हाई. मी आपलं तुझ्या भल्यासाठी सांगितलं."

पाटील गेले. सारजाबाई बराच वेळ त्यांच्या घोड्याची धूळ बघत राहिली. ह्या माणसानं तिच्या नवऱ्याला एक वर्ष गायरानात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. त्याला आज तिच्या भल्याचं कसं सुचलं? पण पाटलाचा संशय एकीकडं आणि सरकारचं भय एकीकडं. पाटील निदान ओळखीचा होता.

संध्याकाळच्या आत तिनं छबुबाईच्या म्हशीचं दोन पाट्या शेण आणलं.

"तुला कशाला गं शेण? सारवलंस की परवाच."

"गोवऱ्या लावते."

"शेळ्या राखणारी बाई गोवऱ्या लावायली!" छबुबाई हसली, पण पाटी भरून दिली.

सारजाबाईनं उखळ पालथं घातलं, त्यावर चढली आणि त्या चार ओळींवर एकाला एक चिकटून अकरा गोवऱ्या थापल्या.

तिसऱ्या दिवशी मुन्शीजी वहीसकट तळवेशीत आले. त्यांची आई पैठणची, त्यामुळं मराठी त्यांना येत होती, फक्त तिच्यात हैदराबादचा वास होता.

"बाई, ही वेस कोणाच्या जमान्यातली?"

"सासऱ्यानं बांधली माझ्या."

मुन्शीजींनी मान वर करून कमानीकडं पाहिलं. तिच्याखालून हत्ती गेला असता. "एकट्यानं?"

"माणूस लई दांडगा होता."

"काही लिहिलेलं? पत्थरावर?"

"लिवायला आमच्यात कुणाला येतंय?"

मुन्शीजींनी चष्मा पुसला. "या गोवऱ्या इतक्या वर कशाला थापल्या?"

"खाली लावल्या तर शेळ्या खातेत."

"शेळ्या गोवऱ्या खातात?"

"निमकोटच्या खातेत," सारजाबाई म्हणाली. मुन्शीजी हसले, वहीत दोन शब्द लिहिले, रुमालानं घाम टिपला आणि पुढं गेले. चार दिवसांनी ते उमापूरच्या चावडीत मुक्कामाला गेले. जाताना निमकोटची यादी त्यांनी तालुक्याला पाठवून दिली. बारव, चांद बुरूज, तोफ, दर्गा, मारोतीचं देऊळ, मोठी वेस. तळवेस यादीत नव्हती. ती बातमी ऐकून सारजाबाईनं त्या दिवशी गुळाचा चहा केला आणि छबुबाईलाही पाजला.

मग आठव्या दिवशी दोन बैलगाड्या आणि पहारी घेतलेले सहा गडी तळवेशीपुढं येऊन उभे राहिले. सुंदरराव पाटील गाडीजवळ उभे राहून वेशीचे दगड वितीनं मोजत होते.

"हे काय हो मालक?"

"उसाच्या मळ्यातली विहीर बांधून काढायची हाय. घडीव दगड लागतोय." पाटलांनी खिशातून कागद काढून हलवला. "यादीबाहेरचा पडीक दगड न्यायला परवानगी आणलीय. उद्या बाजार हाय, गड्यांना सुट्टी. परवा सकाळी पहिली पहार."

"आन् मी कुठं जाऊ?"

"सासऱ्याला सांग, दुसरी बांधून दे म्हणावं." गडी खिदळले. पाटील हसले नाहीत. ते पुढच्या दगडावर वीत टाकत होते.

म्हणजे मुन्शीला तिनं काय सांगितलं ते गावभर झालं होतं. आता तिला सगळं एका ओळीत दिसलं. पाटील त्या दिवशी का थांबले, शेळ्यांचं का विचारलं, दगडाकडं का पाहिलं. वेस यादीत गेली असती तर पाटलाला एक दगड उचलता आला नसता. तिची वेस त्यांनी तिच्याच हातानं यादीबाहेर काढली होती.

बाजाराच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ती उमापूरच्या वाटेला लागली. शेळ्या कुणावर सोपवायच्या? छबुबाईवर तिचा विश्वास होता, पण छबुबाईच्या तोंडावर नव्हता, आणि आज पाटलाला कळून चालणार नव्हतं. तिनं बावीसही शेळ्या बरोबर घेतल्या. बघणाऱ्याला वाटलं, विकायला चालली.

मुन्शीजी चावडीच्या ओसरीवर कागदांच्या सुरळ्या बांधत होते. शेळ्या ओसरीला भिडल्या तसे ते सुरळ्या छातीशी धरून उभे राहिले.

"मुन्शीजी, तळवेशीवर लिवलेला दगड हाय."

त्यांनी तिला ओळखलं. "सासऱ्यानं लिहिला?"

"खोटं बोललेते मी. लई जुनी वेस हाय ती. तुमी यादीत घाला."

मुन्शीजी खाली बसले. तिच्यावरचा त्यांचा विश्वास मात्र उडालेला होता. "दोन पिढ्यांची होती ती वेस पंधरा दिवसांत लई जुनी झाली? कोणी पाठवलं तुम्हाला? दगड नवा कोरून बसवलाय का? मी असे पाहिलेत, बाई. इनामाच्या लालचेनं लोक रातोरात फारसी लिहितात."

"मला कोण पाठवतंय? माझ्यामागं ह्या शेळ्या सोडून कुणी न्हाई."

"मग तेव्हा का लपवलं?"

"तुमची भीती वाटली. यादीत गेलं की सरकारजमा, म्हणले पाटील."

"आणि दगड कुठं होता? मी दोनदा पाहिलं."

"गोवऱ्यांखाली."

मुन्शीजींनी शेळ्यांकडं पाहिलं. एकेका शेळीकडं नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "एक गाय नाही, म्हैस नाही, आणि अकरा गोवऱ्या! मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. वीस वर्षं झक मारली मी." ते हसले, पण लगेच थांबले. "बाई, पाटील खोटं बोलले नाहीत. वेस यादीत घेतली तर ती सरकारची होते. तिथं चूल चालत नाही, जनावर चालत नाही. तुम्हाला देवडी सोडावी लागेल. हे आधीच सांगतो, मग म्हणू नका की मुन्शीनं फसवलं."

एक शेळी ओसरीवरच्या कागदाकडं मान लांबवत होती, तिला सारजाबाईनं पायानं मागं सारलं.

"आन् यादीत न्हाई घातली तर?"

"तर पाटलांच्या विहिरीत जाईल."

"म्हणजे घर दोन्हीकडून गेलं माझं."

"हो."

तिच्या डोळ्यांसमोर विहिरीत उतरलेले ते दगड आले. त्यांच्यावरून पाटलाचं पाणी झिरपतंय, आणि तळ्याकडच्या बाजूनं गाव उघडा पडलाय, अंथरुणातून तसाच उठून आल्यासारखा. तिच्या नवऱ्याचं मयत त्याच कमानीखालून गेलं होतं. ती स्वतः नवरी होऊन त्याच कमानीखालून आत आली होती, आणि कमान एवढी उंच का, असं तिनं सासूला विचारलं होतं.

"चला," ती म्हणाली. "आजच चला. उद्या पहार पडतेय."

मुन्शीजींना टांगा मिळाला. ती शेळ्यांमागं चालत आली, तरी दुपार कलायच्या आत दोघंही वेशीत होते. सारजाबाई उखळावर चढली आणि गोवऱ्या उपटायला लागली. वाळलेल्या गोवऱ्या टपाटप पडत होत्या. बाजारातून परतणारी माणसं थांबली. छबुबाई सगळ्यांत पुढं होती.

"म्हणून शेण नेलंस व्हय गं भवाने!"

मुन्शीजींनी दगड धुतला, ब्रशानं घासला, डोळा लावून पाहिला आणि बोटानं कडा चाचपल्या. कोरीव किती झिजलंय, खाचेतली शेवाळ कशी आहे, सगळं पाहिलं. तिच्यावरचा संशय त्यांनी दगडापाशी फेडून घेतला. मग कागद ओला करून ते थापायला लागले. तोवर सुंदरराव पाटील येऊन पोचले होते.

"सारजे, काय केलंस हे? स्वतःचं घर स्वतःच्या हातानं सरकारला दिलंस."

"तुमाला देण्यापरीस बरं."

"सरकार तुला भाकर घालणार हाय का?"

"तुमी घालणार होता का?"

पाटलांनी मुन्शीजींकडं परवानगीचा कागद केला. मुन्शीजींनी शाईचा हात दाखवून तो घेतलाच नाही. "यादीबाहेरच्या दगडाची परवानगी आहे, पाटीलसाहेब. हा आता यादीत आहे. पुरवणी आजच तालुक्याला जाईल." पाटलांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ते निघून गेले. पुढं त्यांनी विहीर विटांनी बांधली.

ठसा वाळला. मुन्शीजींनी वाचून दाखवला. अमक्या किल्लेदाराच्या अमलात ही वेस पुरी झाली, आणि पुढं महिना, साल, गवंड्याचं नाव. तीनशेहून जास्त वर्षं झाली होती.

"गवंड्याचं नाव?" सारजाबाईनं विचारलं. "आन् अडसर लावणाऱ्याचं?"

"ते नाही, बाई."

ती थोडी नाराज झाली. मग म्हणाली, "वहीत लिवा आता. माझ्यासमोर लिवा."

मुन्शीजींनी मांडीवर वही घेऊन उजवीकडून डावीकडं एक ओळ लिहिली. "लिहिलं. तळवेस."

"कुठं? बोट ठेवा."

त्यांनी बोट ठेवलं. सारजाबाईनं वाकून त्या अक्षरांचं वळण डोळ्यांत भरून घेतलं. एक लांब रेघ, खाली दोन ठिपके.

"आन् बारव कुठं हाय?"

बोट वर गेलं.

"तोफ?"

बोट आणखी वर गेलं.

"आता परत तळवेस दाखवा."

मुन्शीजींनी तिच्याकडं पाहिलं. मग निमूटपणे बोट खाली आणून पहिल्याच ठिकाणी ठेवलं. सारजाबाईनं ठिपके मोजले. दोन होते.

"बरं," ती म्हणाली, आणि शेळ्यांचे खुंटे उपटायला देवडीत गेली.