जागा राखणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझ्यावर बसणार असाल तर जरा बेताने टेका, कारण माझा मागचा डावा पाय तारेने बांधलेला आहे.

सुताराने मला घडवले तेव्हा मी चांगली ठणठणीत होते. आजोबांनी मला दुकानातच गदागदा हलवून पाहिले आणि मगच घरी आणले. शहरातल्या त्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खिडकीपाशी माझी जागा होती. संध्याकाळी आजोबा माझ्यावर बसून खाली गल्लीत नजर लावत. त्यांचा मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. तो आला की "आलास?" एवढेच विचारत आणि मगच उठत.

पुढे मुलाने गाडी घेतली आणि माझे ग्रह फिरले. गल्लीत गाड्यांची ही दाटी! आपली गाडी बाहेर काढली की जागा गेलीच म्हणून समजा. मुलगा दमूनभागून यायचा आणि गल्लीत घिरट्या घालत राहायचा. इकडे खिडकीत आजोबांचा जीव टांगणीला. शेवटी सूनबाईंनी तोडगा काढला.

"बाबा, ही खुर्ची खाली ठेवायची का? जागा अडवायला?"

"ठेवा की. मी काय, उभा राहीन."

असे माझे रस्त्यावरचे दिवस सुरू झाले. "आमची खुर्ची मोठी कामाची हो," असे सूनबाई सगळ्यांना सांगायच्या. पण खरे सांगू? हॉर्न वाजला की वाटे, आता आपली धडगत नाही. वर पाहावे तर आजोबा खिडकीची चौकट धरून उभे. एकदा एका टेम्पोवाल्याने "कुणाची ही ब्याद?" म्हणत मला उचलून भिरकावले आणि माझा पाय निखळला. मुलाने घाईघाईने तार गुंडाळली. म्हणाला, "हिच्यावर बसायचं थोडंच आहे? उभी राहिली म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी घरात मोठी वादावादी झाली आणि बिऱ्हाड उपनगरात हलवायचे ठरले.

इथे रस्ता इतका मोकळा, की गाडी हवी तशी लावा. तरी पहिल्याच सकाळी मुलाने सवयीने मला फाटकाबाहेर, रिकाम्या रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले! शेजारीण म्हणाली, "काय हो, कुणी पाहुणे यायचेत का?" सगळे पोट धरून हसले. मी मात्र फाटकापाशीच राहिले. वाटले, सुटले बाई एकदाची.

पण दुकान शहरातच राहिले ना! मुलगा उजाडायच्या आत निघतो आणि दिवे लागून गेले तरी परतत नाही. पूर्वी तो गल्लीत अडकायचा, पण निदान खिडकीतून दिसायचा. आता कुठल्या रस्त्यावर खोळंबलाय, काही कळत नाही. फोन लावला तर म्हणतो, "गाडी चालवतोय बाबा, ठेवा." मग आजोबा हळूहळू फाटकाबाहेर येतात. सूनबाई म्हणतात, "अहो बाबा, आतली खुर्ची घ्या." ते म्हणतात, "मला हीच बरी."

इतक्या वर्षांनी ते माझ्यावर बसले, मला आनंद व्हायला हवा. पण ते टेकले की तार कुरकुरते. लांबून दिवा दिसला की ते अर्धवट उठतात, गाडी दुसऱ्याचीच निघते आणि ते पुन्हा धपकन बसतात. परवा तारेचे एक टोक सुटले. सूनबाईंनी मुलाला सांगितलेही.

"रविवारी बघतो," तो म्हणाला. रविवार आला आणि त्याच्या झोपेत गेला. लोकांच्या चष्म्याचे नंबर तो अचूक काढतो. पण अंधारात जाणाऱ्या आणि अंधारात येणाऱ्या माणसाला माझी तार दिसणार कधी? मला त्याचा राग येत नाही. भीती वाटते.

आत्ताच दिवे लागले आहेत. आजोबांच्या चपला फाटकाकडे येताना ऐकू येत आहेत. मी उरलेले तीन पाय मातीत घट्ट रोवून उभी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी संध्याकाळी कुणी वाट बघत बसत असेल, तर ते बसण्याआधी त्यांची खुर्ची एकदा गदागदा हलवून बघा. आणि पाय सैल लागला, तर रविवारची वाट बघू नका.