मुनीरचा एकेचाळिसावा नंबर

घंटी वाजवून वाजवून थकले, कोणी ऐकेना. म्हणून आता तोंडानेच बोलते. मी परतूरच्या मुनीर पाववाल्याची सायकल.

मुनीरच्या अब्बांनी मला आणलं तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. वर्षभरात मागे पत्र्याची पेटी बसली, ती आजवर उतरलेली नाही. उजाडलं की पाव, खारी, टोस्ट भरायचे आणि पाच गावं फिरायची. उन्हाने रंग गेला, दोनदा रिम बदलली, पण मी कधी कुरकुरले नाही.

सगळं बिघडलं त्या फोनमुळे. कापड दुकानवाले नमनशेठ आणि त्यांची मंडळी सकाळी सायकली चालवतात. गिअरवाल्या, एका हाताने उचलाव्यात इतक्या हलक्या. एकदा वाटेत भेटले आणि म्हणाले, "मुनीरभाई, तुम्ही तर रोजच चालवता. या आमच्यात!" त्यांनीच त्याच्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं. कोण किती वेगात गेलं याची त्यात यादी येते. मुनीरचा नंबर एकेचाळिसावा, म्हणजे शेवटचा.

"आपण बिलकुल बेकार," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं! अरे, ती मंडळी रिकामी फिरतात. तुझ्या मागे भरलेली पेटी, आणि चाळीस दारांत उतरायचं. फोनला पेटी दिसत नाही, पण तुलाही दिसू नये?

त्याने मात्र वेग वाढवायचं मनावर घेतलं. म्हणजे काय केलं? दारं गाळली. पहिली गाळली नंदाबाई, कारण तिचं घर ऐन चढावर. म्हातारीच्या तोंडात दात नाहीत. चहात टोस्ट बुडवून खाते, तेव्हा कुठे सकाळची गोळी घेते. ती हाका मारायची आणि हा मान खाली घालून पायडल मारायचा. नंबर एकोणतिसावर आला. मंडळींनी फोनवर टाळ्या पाठवल्या. मला लाज वाटली.

नवव्या दिवशी तिच्या दारासमोरच माझी चेन उतरली. मुद्दाम नाही, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

नंदाबाई काठी टेकत आली. रागावली नाही.

"मुनीर, माझं काई चुकलं का रे? रोज हाका मारून राह्यले, तू बघत बी न्हाईस."

"न्हाई मावशी, जरा जल्दीत होतो."

"कुठं जायाची जल्दी?"

हात पुसून त्याने पेटी उघडली आणि तिचे टोस्ट काढून दिले.

आता तो रोज तिथे उतरतो, गाळलेल्या बाकीच्या दारांतही. परवा नंबर पुन्हा एकेचाळिसावर गेला. नमनशेठ फोनवर हसले, "मुनीरभाई, ढिले पडले की!" आणि हा वेडा म्हणतो, "हो जी." हो म्हणायचं काय कारण होतं?

नमनशेठ, एक सकाळ माझ्यावर बसा. पेटी भरलेली असू द्या. ऐन चढावर उतरा, म्हातारीला टोस्ट द्या, तिची चौकशी करा आणि तिथूनच पुन्हा चढ चढा. मग माझ्या मुनीरला यादीत कुठे घालायचं ते ठरवा.