अंधारखोलीतला कापूर

अंधारखोलीचं दार सताड उघडं दिसलं आणि अहल्या तिकडे धावली.

प्रयोगशाळेत आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, धामधूम होती. सूक्ष्मदर्शकाला कुंकू, फ्रीजला झेंडूची माळ, संगणकापुढे लिंबू. बंगळुरात विज्ञानही वर्षातून एकदा यंत्रांच्या पाया पडतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण या खोलीत शिरायचं तर दिव्याशिवाय, चाचपडतच, असा सक्त नियम होता. आत बारा मुनिया पक्षी चोवीस दिवस ठार अंधारात होते.

उजेड नसतानाही पक्ष्याच्या आतलं घड्याळ चालू राहतं का, आणि त्याच्या हुकमावर मेलाटोनिन, म्हणजे रात्रीचं संप्रेरक, रक्तात चढतं का, हे अहल्याला दाखवायचं होतं. मुनियांचं घड्याळ रोज अर्धा तास मागे पडत गेलं होतं. आता बाहेर सकाळचे अकरा, तेव्हा त्यांची रात्र. आज अकरालाच त्यांचं रक्त घ्यायचं होतं. प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा होता. पुन्हा चोवीस दिवस कुठून आणणार? आणि पावणेअकरा झाले होते.

दारातून यल्लाप्पा आरतीचं ताट घेऊन बाहेर आला. मूळचा निपाणीकडचा हा माणूस नऊ वर्षं आनेकलहून बसनं येऊन पक्ष्यांचं दाणापाणी बघत होता.

“झालं बघा अक्का! एक बी सोडलो न्हाई. पाखरांस्नी बी ओवाळलो.”

“दार कधीपासून उघडंय?”

“पंधरा मिनटं. कापराचा धूर कोंडंल की! पर तुमी भिऊ नका, समदी डोळं मिटून झोपलीत.”

पक्ष्यानं डोळे मिटून काय होतं? त्याच्या मेंदूतली ग्रंथी कवटीतून झिरपलेला उजेडही ओळखते, आणि मेलाटोनिन झरझर उतरतं. आता काढलेलं रक्त धडधडीत खोटं बोलणार होतं.

“तुम्हाला कुणी...” ती ओरडणार, तोच तिला आठवलं. सकाळी ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असताना त्यानं विचारलं होतं, “आतल्या खोलीत बी करू न्हवं, अक्का?” आणि तिनं मान वर न करता सांगितलं होतं, “हो हो, सगळीकडे करा, फक्त अकराच्या आत उरका.” त्याचा प्रश्न तिनं धड ऐकलाच नव्हता.

जिन्यात विद्या मॅडमच्या चपला वाजल्या. प्रबंध त्यांच्याच हाताखाली चालला होता. गप्प बसलं तर? कुणाच्या बापाला कळणार होतं? आणि सांगितलं तर? गेल्या वर्षी दिवा चालू राहिला म्हणून मॅडमनी एका माणसाला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं.

“चल, सिरिंज घे,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, आत उजेड शिरलाय. आजचं रक्त नाही चालणार.”

मॅडम चिडल्या की आवाज चढवत नसत, उतरवत. “कुणी नेला?”

“मी,” यल्लाप्पा म्हणाला. “कापूर घेऊन गेल्तो.”

“कुणी सांगितलं होतं?”

यल्लाप्पानं एकदाच अहल्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता संपलं.

“कुणी न्हाई मॅडम. माज्याच मनानं गेलो.” त्यानं करदोट्याला बांधलेली अंधारखोलीची किल्ली सोडली आणि टेबलावर पेढ्यांच्या शेजारी ठेवली. नऊ वर्षांत ती किल्ली कधी त्याच्या कमरेवेगळी झाली नव्हती.

अहल्या सुटली होती, अगदी आयती. तिनं टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. पण इतक्या हळू, की ते कुणाला ऐकू गेलं नाही.

“काय?” मॅडमनी विचारलं.

अहल्यानं किल्ली उचलली, यल्लाप्पाच्या हातात परत कोंबली, आणि पार शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “मी सांगितलं होतं. यांनी विचारलं होतं मला. मीच ऐकलं नाही.”